रुमालाखालचा फासा

सांगलीच्या मार्केट यार्डात, अडत दुकानाच्या माळ्यावर
शनिवारी रात्री आम्ही पाच जण खेळायला बसतो.
खाली हळदीची पोती. वर चटई,
कागद, खोडरबर, परातीत भडंग
आणि वीस तोंडांचा एक फासा,
ज्याच्या आकड्यांत हळद बसलीय, कितीही पुसा.

गोष्ट सांगणारा मी.
राक्षसांच्या वतीनं फासा टाकणाराही मीच.
दोन वर्षं तो उभ्या वहीच्या आड टाकला.
वीस पडला तर म्हणायचो, अकरा.
सन्मतीचा तिरंदाज असा किती वेळा वाचला.
इलाहीचा मांत्रिक कड्यावरून पडला
तर कड्याला तेवढ्यापुरतं झुडूप उगवलं.
दिवसभर दुकानात पैशापैशाचा मेळ घालणारा मी
रात्री खुशाल खोट्या नोंदी करायचो,
आणि त्याला माया म्हणायचो.

मग लक्षात आलं, कुणी श्वास रोखत नाही.
लढाई ऐन भरात, आणि बसू मोबाइलवर मॅच बघतोय.
तुझी पाळी.
हं, मारतो.
पोरांच्या हातातली कात्री काढून उंच ठेवतात
तसं मी त्यांचं मरण काढून ठेवलं होतं,
आणि आता त्यांना काही कापताच येत नव्हतं.

थोरले आप्पा सांगायचे,
पूर्वी सौदे रुमालाखाली व्हायचे.
दोन हात, वर कापड, बोटं दाबून भाव.
ज्याचा माल तो शेजारीच उभा,
त्याला दिसायचं फक्त कापड हलताना.

त्या शनिवारी मी वही मिटली.
म्हटलं, आजपासून फासा परातीत. उघड्यावर.
पडेल ते पडेल.
सगळे हसले. रेहाना सोडून.

गोष्ट हरिपूरच्या वाटेवरच्या एका जुन्या पेवाची.
मी सांगितलं, तोंडावरचा दगड सरकवलात.
दोरीला बांधून कंदील सोडलात.
वीस हातांवर तो विझला.
एवढं सांगून गप्प बसलो.
आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं,
पेवात कंदील विझला की उतरायचं नसतं.
बसू म्हणाला, उतरलो.
तू काय मारतोयस व्हय आमाला?

त्याचा वीर तळाला गेला तो उठेचना.
मागून उतरली रेहानाची तुंगा,
नावाडीण, डाव्या हाताला चार बोटं,
जन्म पाण्यावर आणि मासे शिवत नाही.
तिनं वीराला दोरीत बांधला,
ओढा, म्हणाली.
तळातलं जे होतं ते तिच्याकडं सरकलं.

मी फासा टाकला.
भडंगाच्या चुऱ्यावरून घरंगळत
तो एका शेंगदाण्याला अडला.
वीस.

माझ्या जिभेवर अकरा तयार होता.
शेंगदाण्याला लागला, म्हटलं, परत टाकू?
रेहाना म्हणाली, नको. दिसलाय सगळ्यांना.

तिनं तुंगाचा कागद पुढं ओढला.
पोहणे, उत्तम.
देणं, बारा नाणी, नावेच्या मालकाला.
खाली तारीख घातली.
खोडरबर हाताशी होता, तो लांब सारला.
पात्र म्हणतो आम्ही ह्या कागदी माणसांना.
नदीच्या गावात राहून हा शब्द
इतकी वर्षं किती सहज वापरला मी.

बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग बसू म्हणाला, ती बारा नाणी मी देणार.
पुढच्या शनिवारी, पहिल्यांदा तेच.
त्याचा मोबाइल केव्हापासून पालथा पडला होता.

निघताना लाईट गेली.
खाली गोदाम, काळंकुट्ट, हळदीच्या वासानं गच्च.
रोज दोन-दोन पायऱ्या टाकणारा बसू
जिन्याच्या तोंडाशी थांबला,
टॉर्च खाली धरून नुसता बघत राहिला.
आम्ही मागं ओळीनं उभे. कुणी घाई केली नाही.
शेवटी रेहानानंच त्याच्या पाठीला बोट लावलं.
उतर, म्हणाली,
इथं हवा आहे.